पद्मिनी मागून बसलीय? घरी पाटे बदलण्याआधी हे वाचा

मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खासगी प्रीमिअर पद्मिनी मात्र अनेकांनी आजही जपून ठेवल्या आहेत. या जुन्या गाड्यांमध्ये मागचे पाटे बसण्याची तक्रार नेहमीची. ते घरी बदलता येतात. पण काम गाडीखालचं आहे, त्यामुळे क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं.

पाटे का बसतात?

मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंना एकेक कमानपाटा असतो. तो एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचा बनतो. पुढचं टोक बॉडीला बोल्टने जोडलेलं, तर मागचं झुलत्या शॅकलवर असतं. कारण दाब आला की पाटा सपाट होऊन लांबतो. वर्षानुवर्षांचं ओझं आणि पट्ट्यांमधला गंज यामुळे ही कमान कायमची उतरते.

कसं ओळखायचं?

रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. अंतरात फरक, खड्ड्यात मागून ठोका बसणं, हेडलाइटचा झोत वर जाणं ही लक्षणं आहेत. एकच पाटा बसला असला तरी जोडीच बदला, नाहीतर गाडी तिरकी राहते.

काम कसं करायचं?

१. एक-दोन दिवस आधी यू-बोल्ट आणि शॅकलच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा.

२. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावा. मागची चाकं उचलल्यावर हँडब्रेक गाडी रोखू शकत नाही.

३. मागची बाजू उचलून बॉडी मजबूत जागी स्टँडवर टेकवा. ॲक्सलखाली वेगळा जॅक हवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

४. एका वेळी एकच बाजू खोला. दुसरा पाटा ॲक्सल जागेवर धरून ठेवतो.

५. चाक आणि शॉकॲब्सॉर्बरचं खालचं टोक सोडवा. जॅक हळूहळू उतरवून पाट्यावरचा ताण काढा, मगच यू-बोल्ट आणि टोकांचे बोल्ट खोला. ॲक्सल ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका.

६. नवा पाटा बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय ना, ते पाहा. नाहीतर ॲक्सल वाकडा बसतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्ट आणि रबरी बुश नवेच वापरा. यू-बोल्टचे नट आळीपाळीने, समान आवळा.

शेवटचा पिळ कधी?

बऱ्याच जणांची चूक इथेच होते. टोकांचे बोल्ट आधी फक्त हाताने लावा. गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चार वेळा दाबा आणि मगच मॅन्युअलमधल्या मापाने आवळा. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा तपासा.

कधी थांबायचं?

पद्मिनीला वेगळी चासी नाही, पाटे थेट बॉडीला जोडलेले असतात. ती जागाच गंजून पोखरली असेल, तर नवे पाटे घालून उपयोग नाही. आधी वेल्डिंग करून घ्या. ते काम जाणकार कारागिराचंच.