हंगामी माणसाचा खोकला : वऱ्हाडातले जिन आणि कारखान्यांचे कायदे

आजचा विषय खोकल्याचा आहे. इतिहासाच्या व्याख्यानात खोकला कुठून आला, असं काहींना वाटेल. पण खामगाव, नांदुरा, मलकापूर, शेगाव या पट्ट्यात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांनी जिनाच्या आवारातला तो फुफाटा पाहिलेला आहे. भुवयांवर, पापण्यांवर रुईचं पांढरं तूस बसलेल्या बाया संध्याकाळी घरी निघायच्या. हंगामभर खोकायच्या. होळीनंतर जिन थांबला की खोकलाही थांबायचा. म्हणून त्याला घरात कुणी आजार म्हटलं नाही. कायद्यानंही बराच काळ म्हटलं नाही, आणि दोघांचं कारण एकच होतं.

जरा मागे जाऊ. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५. त्या काळात मँचेस्टरला कापूस मिळेना आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८७० साली जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वेफाटा सुरू झाला. त्या वेळी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. (तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होतं बरं का. बुलढाण्यात आलं ते १९०५ च्या फेररचनेत.) रेल्वेच्या मागोमाग वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. तोवर सरकी काढायचं काम घरोघरी हातचरखीवर चालायचं. धूळ तेव्हाही होती, पण ती अंगणा-अंगणांत वाटली गेलेली होती. जिनानं ती एका छपराखाली आणली आणि तिच्यात शे-दीडशे माणसं उभी केली.

त्यातही कपाशी सगळ्यात मळकी असते ती जिनातच. शेतातून आलेल्या कापसाबरोबर वाळलेली पानं, बोंडाची टरफलं, माती असं सगळं येतं. सूतगिरणीत पोचतो तो बराच साफ झालेला माल. म्हणजे पहिला दणका जिनावरच्या बाईच्या छातीला.

आता कायदा बघा. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. तो लागू कुणाला? जिथं यंत्रशक्ती आहे, शंभर किंवा जास्त माणसं आहेत आणि काम वर्षातून किमान चार महिने चालतं, त्यांना. चार महिने! जिनवाल्यांना हा आकडा फारच सोयीचा होता. शिवाय वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, कारभार इंग्रजांचा. ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा इथं आपोआप लागू होत नसे.

शेजारच्या खानदेशात काय चाललं होतं ते १८८४–८५ च्या मुंबई कारखाना आयोगापुढे आलं. गर्दीच्या दिवसांत पहाटेपासून रात्री दहापर्यंत काम, कधी तर रात्रंदिवस, आणि कामावर बहुतेक बायाच. मालकांची घाई समजण्यासारखी होती. गाठी वेळेत मुंबईला पोचल्या पाहिजेत, पावसाळा लागायच्या आत. पण त्या घाईचा हिशेब कुणाच्या अंगावर फेडला गेला?

चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याखाली यायला १९११ उजाडलं. तरी दुजाभाव गेला नाही. १९३४ च्या कायद्यानं कारखान्यांचे दोन वर्ग केले. बारमाही कारखान्यात दिवसाला १० तास, हंगामी कारखान्यात पुरुषांना ११. जिथं धूळ जास्त, तिथं तास जास्त. तर्क असा की वर्षातले काही महिनेच तर काम करायचंय, उरलेल्या दिवसांत विश्रांती आहेच. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी वऱ्हाडातली मजूर बाई उन्हाळ्या-पावसाळ्यात काय करते हे पाहिलेलं नसावं. निंदण काही विश्रांती नव्हे.

आता आजाराकडे येतो. अंबाडी-जवस पिंजणाऱ्यांच्या छातीबद्दल इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली लिहून ठेवलं होतं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मजेशीर आहे, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत मजेशीर. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळते. आठवडा सरता सरता बरं वाटतं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. सुरुवातीच्या काळात धुळीपासून दूर गेलं की माणूस ठीक होतो. वर्षानुवर्षं तेच चाललं तर मात्र दम कायमचा बसतो. इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात याची भरपाई सुरू झाली. आपल्याकडे अभ्यास झाले ते मुख्यतः मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत. तिथं कामगार बारमाही, हजेरीपट जागेवर, सोमवार ठरलेला. जिनावर सोमवार कुठला शोधायचा? दिवाळीनंतर जिन सुरू झाला की पहिल्या दिवसांत अंग मोडून येतं, कणकण येते. माझ्या मते तोच जिनाचा सोमवार, वर्षातून एकदा येणारा.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कारखाना कायद्यानं हंगामी-बारमाही हा भेद काढून टाकला. तास सगळ्यांना ९. बिसिनोसिस पुढे सूचना देणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीतही आला. चांगलं झालं. पण त्याच १९४८ साली कामगार राज्य विमा कायदाही झाला. त्यातून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि 'हंगामी'च्या व्याख्येत कापूस जिनिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. एका दारानं आत घेतलं, दुसऱ्या दारानं बाहेर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही विम्याच्या प्रकरणाबाहेर हंगामी कारखाना तसाच आहे.

उरला होता १९२३ चा भरपाईचा कायदा. त्याच्या यादीत हा आजार होता, पण या गटातल्या आजारांसाठी ठरावीक काळ सलग नोकरी दाखवावी लागायची. पाच महिने या जिनावर, पुढच्या वर्षी दुसऱ्या जिनावर, मधे शेतात, अशा बाईनं 'सलग' कसं सिद्ध करायचं?

म्हणून एक विनंती करतो आणि मग प्रश्न घेऊ. तुमच्या घरात आई, मावशी, आजी कुणी जिनावर गेली असेल तर तिला विचारा : किती हंगाम, कोणत्या गावी, गाळ्यावर कापूस टाकायला की प्रेसला? वहीत लिहून ठेवा. आणि दम्यासाठी डॉक्टरांकडे नेताना ती वही सोबत न्या.