चौकशी झाली, अहवाल कुठे आहे?

महाराष्ट्रात दंगल, दुर्घटना किंवा पोलिसांचा गोळीबार झाला की दोन-चार दिवसांत चौकशीची घोषणा होते. चौकशी कोण करणार, किती दिवसांत करणार, हे जाहीर होते. अहवाल लोकांना कधी वाचायला मिळेल, याबद्दल घोषणेत सहसा काही नसते. निष्कर्ष सरकारच्या हातात पडणे आणि ते लोकांपुढे येणे यांत कधी महिने जातात, कधी वर्षे. सरकारी चौकशीवरचा अविश्वास मुख्यतः या मधल्या काळात वाढला. अहवालात काय लिहिले आहे यापेक्षा तो का दाखवत नाहीत, हा प्रश्न लोकांच्या मनात अधिक खोल रुतत गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या रेल्वेमार्गावर जो संताप दिसला, त्यालाही ही पार्श्वभूमी आहे.

अशा चौकशांचा मुख्य आधार म्हणजे १९५२ चा चौकशी आयोग कायदा. या कायद्याने आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे अधिकार दिले, पण शिक्षा देण्याचा अधिकार दिला नाही. आयोगाचे निष्कर्ष म्हणजे सरकारला दिलेला सल्ला. तो विधिमंडळापुढे ठेवलाच पाहिजे, अशी सक्तीही मूळ कायद्यात नव्हती. राज्याच्या स्थापनेनंतर सव्वा वर्षातच, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकरांनी काम चालू असतानाच आत्महत्या केली. पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ते काम पूर्ण केले. बावडेकरांच्या मृत्यूभोवतीची कुजबुज मात्र पुण्यात कित्येक वर्षे चालू राहिली. चौकशी करणाऱ्यावर दबाव येतो, ही समजूत मराठी माणसाच्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

ठाणे जिल्ह्याने आयोगाचे वेगळे रूप पाहिले ते मे १९७० च्या भिवंडी दंगलीनंतर. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींची चौकशी करून सात खंडांचा अहवाल दिला. दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाने तपास एकतर्फी केला, असा ठपका त्यात होता. हा अहवाल छापून निघाला, म्हणूनच आजही अभ्यासकांना तो हाताशी धरून दंगलीच्या कारणांबद्दल बोलता येते. पोलिसांविरुद्ध इतके स्पष्ट लिहिलेला सरकारी दस्तऐवज उघडपणे उपलब्ध असणे ही मोठी गोष्ट होती, आणि पुढच्या काळाकडे पाहिले तर ती अधिकच मोठी वाटते.

कायद्यातील उणीव १९७१ च्या दुरुस्तीने भरून काढली. आयोगाचा अहवाल आणि त्यावर काय कारवाई केली याचे निवेदन, दोन्ही सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक झाले. ही वाट बंद करण्याचा प्रयत्न दिल्लीत एकदा झाला. इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागू नये म्हणून १९८६ मध्ये कायदाच बदलण्यात आला आणि सुरक्षेच्या कारणावरून अहवाल राखून ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. मार्च १९८९ मध्ये त्यातील मजकूर वर्तमानपत्रात फुटला, गदारोळ झाला आणि अखेर अहवाल संसदेत मांडावा लागला. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने ती मुभा काढून टाकली.

मुंबईतील डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे सोपवली गेली. शिवसेना-भाजप युती सरकारने जानेवारी १९९६ मध्ये हा आयोगच गुंडाळला. टीका झाल्यावर मे महिन्यात तो पुन्हा जिवंत केला आणि मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही त्याच्या कार्यकक्षेत आणले. १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल सरकारच्या हाती पडला. विधिमंडळात तो मांडला गेला ६ ऑगस्टला, म्हणजे कायद्याची मुदत संपायला दहा दिवस उरले असताना, आणि सोबतच्या निवेदनात सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष नाकारले. अहवाल आला, वाचला गेला, पण ज्यांच्यावर ठपका होता त्यांनीच त्यावर निकाल दिला, अशी भावना दंगलग्रस्तांमध्ये राहिली. पुढे सत्ता बदलली, तरी अंमलबजावणीची मागणी वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. त्यामुळे या बाबतीत एका पक्षाला दोष आणि दुसऱ्याला प्रमाणपत्र देता येत नाही.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर आणखी एक पद्धत रूढ झाली. आयोग नेमण्याऐवजी सरकारने शासन निर्णयाद्वारे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची दोन सदस्यांची समिती नेमली. समिती १९५२ च्या कायद्याखाली नसल्याने सहा महिन्यांचे बंधन तिच्या अहवालाला लागू होत नव्हते. एप्रिल २००९ मध्ये अहवाल सादर झाला. जूनमध्ये विधिमंडळात कारवाईचे निवेदन मांडले गेले, मूळ अहवाल मात्र गोपनीय राहिला. प्रश्न काय होता हे न सांगता त्याचे उत्तर वाचून दाखवण्याचाच हा प्रकार होता. अहवालाच्या प्रती बाहेर फुटल्यावर डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात तो सभागृहात ठेवला गेला. मुंबईच्या पोलीस नेतृत्वावरची टीका लोकांना तेव्हा अधिकृतपणे कळली. राज्याची सुरक्षा धोक्यात येईल असे त्यात फारसे नव्हते, अडचणीचे मात्र बरेच होते, असे वाचणाऱ्याला वाटले तर नवल नाही.

आदर्श गृहनिर्माण सोसायटीतील घोटाळ्याच्या चौकशीत तर कायद्याचे बंधन असूनही उशीर झाला. न्यायमूर्ती जे. ए. पाटील आणि पी. सुब्रमण्यम यांच्या आयोगाने एप्रिल २०१३ मध्ये अंतिम अहवाल दिला. तो २० डिसेंबरला, हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सभागृहात आला आणि त्याच वेळी सरकारने तो फेटाळल्याचे जाहीर केले. चर्चेला वेळच उरला नव्हता. देशभर टीका झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने त्याचा काही भाग स्वीकारला.

माहितीच्या अधिकाराने नागरिकांच्या हाती एक साधन आले. राज्याचा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून आला आणि २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. पण तपासात अडथळा येईल किंवा विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल, अशी माहिती नाकारण्याची तरतूद त्यातही आहे. सभागृहात न मांडलेला अहवाल मागणाऱ्याला या कलमांकडे बोट दाखवले जाते. म्हणजे मांडला नाही म्हणून देत नाही, आणि मांडायचा कधी ते सांगत नाही.

कल्याण परिसराला याचा थेट अनुभव आला तो डोंबिवलीत. २६ मे २०१६ रोजी तिथल्या औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन १२ जणांचा जीव गेला आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. सरकारने समिती नेमली, समितीने अहवाल दिला, पण तो लोकांपर्यंत पोहोचला नाही. माहिती अधिकारात अर्ज करून स्थानिक कार्यकर्त्यांना तो मिळवावा लागला. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान कंपनीत स्फोट झाला आणि पुन्हा माणसे मेली. पहिल्या अहवालाचे काय झाले, हा प्रश्न तेव्हा डोंबिवलीत जो तो विचारत होता.

यानंतर तीनच महिन्यांत बदलापूर पेटले. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एकाच लोहमार्गावरची, एकमेकांना लागून असलेली शहरे. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले, अंबरनाथ दारूगोळा कारखाना आणि उद्योगांभोवती वाढले, तर बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्या चाकरमान्यांनी भरले. ऑगस्ट २०२४ मध्ये या तिन्ही ठिकाणी प्रशासकांचा कारभार होता. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० मध्येच संपली होती, उल्हासनगर महापालिकेची २०२२ मध्ये. जाब विचारायला हक्काचा नगरसेवकही नव्हता, ही बाब त्या दिवसांच्या वर्णनांत फारशी आढळत नाही, पण ती महत्त्वाची आहे.

शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवले गेले. २० ऑगस्ट रोजी हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि लोकल वाहतूक दिवसभर ठप्प झाली. संध्याकाळी लाठीमार झाला, शेकडो लोकांवर गुन्हे नोंदवले गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळांतील मुलांच्या सुरक्षेसाठी साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी या दोन निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. शिक्षण विभागाच्या चौकशीतून शाळेच्या कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याची माहिती शिक्षणमंत्र्यांनीच दिली, तेव्हा संशयाला आणखी खतपाणी मिळाले.

२३ सप्टेंबरच्या संध्याकाळी या अत्याचार प्रकरणातील आरोपीला तळोजा कारागृहातून नेले जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून ठार झाला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. बदलापुरात काहींनी फटाके फोडले, पेढे वाटले. महिन्यापूर्वी पोलिसांवर विश्वास नाही म्हणून रुळांवर बसलेले शहर आता त्याच पोलिसांचे कथन निमूट स्वीकारत होते. यातला विरोधाभास वरवरचा आहे. खटला वर्षानुवर्षे चालेल, पुरावे नाहीसे होतील, निकाल लागणारच नाही, ही धारणाच दोन्ही कृतींच्या मुळाशी होती. मृतदेह पुरायला बदलापूर-अंबरनाथ परिसरात जागा मिळेना. अखेर उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर सहा दिवसांनी उल्हासनगरात, स्थानिकांचा विरोध असताना, पोलीस बंदोबस्तात दफन झाले.

सरकारने अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश दिलीप भोसले यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. त्याशिवाय कायद्याने अनिवार्य असलेली दुसरी एक चौकशी समांतर सुरू झाली. पोलीस कोठडीतील मृत्यूची चौकशी पूर्वी कार्यकारी दंडाधिकारी करत, म्हणजे महसूल खात्याचा अधिकारी. फौजदारी प्रक्रिया संहितेतील २००५ च्या दुरुस्तीने ते काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये ही तरतूद कायम आहे. या फरकामुळे अहवालाचा प्रवास बदलतो. तो मंत्रालयात जाऊन पडत नाही, त्याचा ताबा न्यायसंस्थेकडे राहतो.

२० जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि नीला गोखले यांच्या खंडपीठासमोर दंडाधिकाऱ्यांचा बंद लिफाफा उघडला गेला. मृत्यूला पाच पोलीस जबाबदार आहेत, वापरलेले बळ असमर्थनीय होते आणि स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद आहे, असे त्यात म्हटले होते. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे आढळले नव्हते. न्यायमूर्तींनी निष्कर्ष भर न्यायालयात वाचून दाखवले, प्रती सरकारला आणि मृताच्या आईवडिलांना देण्यास सांगितले आणि मूळ कागदपत्रे न्यायालयाच्या ताब्यात ठेवली. राज्यात आजवर झालेल्या चौकश्यांच्या तुलनेत हे निराळे होते. कारवाईचे निवेदन तयार होईपर्यंत थांबण्याची सोय सरकारला या वेळी मिळाली नाही, आणि संध्याकाळपर्यंत बदलापूरच्या घराघरांत ते निष्कर्ष पोहोचले होते.

मात्र निष्कर्ष उघड झाल्याने पुढची वाट मोकळी झाली नाही. फेब्रुवारीत ठाण्याच्या सत्र न्यायालयाने संबंधित पोलिसांच्या अर्जावर अहवालातील काही निष्कर्षांना तात्पुरती स्थगिती दिली. त्याच महिन्यात मृताच्या आईवडिलांनी खटला पुढे चालवायचा नसल्याचे उच्च न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने प्रकरण बंद न करता ज्येष्ठ वकील मंजुळा राव यांना न्यायमित्र म्हणून नेमले. स्वतंत्र आयोग आणि सीआयडीची चौकशी चालू असल्याची भूमिका सरकारने घेतली. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने मुंबईचे सहपोलीस आयुक्त लखमी गौतम यांच्या देखरेखीखाली विशेष पथक नेमून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात त्या न्यायालयाने आदेशात बदल केला आणि पथक नेमण्याचे काम राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे सोपवले.