वारी, वाळवंट आणि पटकी

आषाढी एकादशी उलटली, वारकरी परतीला लागले, की मागोमाग पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, बातम्या यायच्या. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा जवळ आली, की सरकारी आरोग्य खात्याच्या पोटात गोळा येई.

गावकऱ्यांचे निदान सरळ होते: मरीआई कोपली. तिची पूजा करायची आणि तिचा गाडा शिवेपलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून द्यायचा. रोग गावातून गावात जातो, हे त्यांनी अचूक हेरले होते. कशातून जातो, तेवढे बाकी होते.

साहेबाला तरी कुठे ठाऊक होते? विलायतेतही दोष घाणेरड्या हवेला देत. लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले, तेव्हा फारच थोड्यांना ते पटले. रॉबर्ट कॉखने कलकत्त्याला येऊन रोग्यांत आणि तळ्याच्या पाण्यात जंतू दाखवला, तो १८८४ साली.

चंद्रभागेच्या वाळवंटात सगळा उलगडा होतो. आंघोळ, धुणे, परसाकड काठावरच. आणि त्याच वाळूत झिरा उकरून प्यायचे पाणी. त्यात आषाढ म्हणजे पावसाळा, काठावरची घाण धुऊन पात्रातच जायची. वर तेच पाणी तीर्थ म्हणून तांब्यात भरून घरी न्यायचे. जंतू पोटात गेल्यावर जुलाब सुरू व्हायला कधी काही तास लागतात, कधी पाच दिवस; कित्येकांना तर काहीच होत नाही. पंढरपुरात धडधाकट दिसलेला माणूस त्यामुळे रोग थेट आपल्या गावच्या विहिरीपर्यंत नेऊ शके. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोचली आणि हा प्रवास आणखी वेगाने होऊ लागला.

मुंबईच्या प्लेगमुळे १८९७ साली साथरोग कायदा आला. प्रवासी तपासायचे, अडवायचे अधिकार सरकारला मिळाले आणि पुढे पालख्यांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. माणसे अडवायला हुकूम पुरतो, नळ आणि गटारे बांधायला पैसा लागतो. हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचली होती; पण तिचे संरक्षण अपुरे आणि काही महिन्यांपुरतेच असे. रोग्याला वाचवणारा खरा उपाय विसाव्या शतकात सापडला, तो मीठ-साखरेच्या पाण्याचा: १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो हजारोंना पाजला.

२०२० साली कोरोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. पायी वारी रद्द झाली, पादुका एसटीने पंढरपूरला आल्या. या खेपेला मात्र रोग श्वासातून पसरणारा होता. नदीचे पाणी कितीही शुद्ध केले असते, तरी त्या वर्षी धोका गर्दीतच होता.