जोडचित्रांची वहिवाट

धाराशिव तालुक्यातील बेंबळीच्या पंचक्रोशीत, आणि तिच्याप्रमाणेच उर्वरित मराठवाड्यातही, जुन्या घरांच्या ओसरीवर देवादिकांच्या तसबिरींच्या ओळीत एखादी अशी तसबीर हमखास आढळते, की जिच्यात पटका बांधलेला वृद्ध गृहस्थ आणि डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळभर कुंकू लावलेली त्याची सहधर्मचारिणी खांद्याला खांदा लावून बसलेली आहेत, मागे एकरंगी पडदा आहे, आणि तरीही ती दोघे उभ्या आयुष्यात एकाही कॅमेऱ्यासमोर एकत्र बसलेली नव्हती. पतीची मुद्रा एका कागदावरून आली, पत्नीची दुसऱ्यावरून, आणि अंगातला कोट कित्येकदा तिसऱ्याच कोणाचा. जवळ जाऊन पाहिले म्हणजे त्याच्या नाकाची सावली डावीकडे व तिची उजवीकडे पडलेली दिसते; कुठे खांद्याच्या कडेने कुंचल्याचा फिकट पट्टा गेलेला असतो. घरच्यांना ह्याची पूर्ण जाणीव असते. 'आबांचा न् आईचा फोटो जोडून घेतला,' असे ते मोकळेपणाने सांगतात आणि त्याच तसबिरीला श्राद्धाच्या दिवशी हार घालतात.

अनेक चित्रांतून एक चित्र सिद्ध करण्याची ही विद्या संगणकाबरोबर आली असा जो समज आहे तो निराधार आहे. ती जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी असून आपल्या इलाख्यात तिचा उगम मुंबईत, इसवी सनाच्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सापडतो. तिचा इतिहास चाळताना माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की होत गेली, ती अशी की जोडचित्र खरे की खोटे हा प्रश्न दुय्यम होय. त्यातली माणसे कोणाच्या इच्छेने एकत्र आणली गेली, हे आधी विचारले पाहिजे.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी सोसायटीच्या कामात रस घेतला. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्या वर्गात शिकून मुंबईत स्वतःचा धंदा थाटला. म्हणजे ही कला येथे आली तेव्हापासूनच मराठी मंडळी तिच्यापाशी होती. परंतु जोडचित्राचा पहिला मोठा प्रयोग ज्याच्या नावावर जमा आहे तो विल्यम जॉन्सन हा सरकारी नोकरीतून छायाचित्रणाकडे वळलेला इंग्रज गृहस्थ. हेंडरसन नावाच्या सहकाऱ्यासह त्याने १८५६ पासून पश्चिम हिंदुस्थानातील लोकांच्या वेषभूषेची चित्रे मासिक रूपाने प्रसिद्ध केली, आणि त्या सामग्रीतूनच पुढे 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. पहिला खंड १८६३ चा, गुजरात, कच्छ व काठेवाडच्या लोकांविषयी. दुसरा १८६६ चा, महाराष्ट्राविषयी.

ह्या ग्रंथातील पुष्कळ चित्रे जोडलेली आहेत. माणसे स्टुडिओत बसवून टिपली आणि पार्श्वभूमी, म्हणजे एखादे देवालय, तलाव किंवा रस्ता, निराळ्या काचेवर घेऊन ती माणसे तिच्यापुढे आणून ठेवली. असे का करावे लागले हे समजण्यासाठी त्या काळच्या ओल्या काचेची प्रक्रिया ध्यानी घ्यावी लागते. काचेवर कलोडियनचा चिकट द्रव ओतून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायची. हे सर्व अवघ्या काही मिनिटांत, आणि मुंबईच्या उष्म्यात तर त्याहूनही त्वरेने. भर रस्त्यावर पाच-सात माणसे काही क्षण निश्चल उभी करणे, त्यांच्या वस्त्रांचा तपशील उतरवणे आणि मागचे देवालयही स्पष्ट आणणे हे एका काचेवर साधणे अतिशय कठीण होते. शिवाय कलोडियन निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्यामुळे जमिनीला पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत आकाश पार जळून कोरे होई. युरोपातही ह्याच अडचणीपोटी गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्र एका काचेवर व ढग दुसरीवर घेऊन दोन्ही एका कागदावर उतरवीत असे.

जॉन्सनची पाने आज बारकाईने पाहिली तर त्याच्या योजनेतील उणिवा दिसतात. बसलेल्या माणसांच्या पायांखालची जमीन आणि मागची जमीन एकमेकींशी मिळत नाहीत. स्टुडिओच्या तावदानांतून आलेला मऊ उजेड अंगावर आणि कडक ऊन देवळावर, अशी विसंगती राहते. आणि ज्या उंचीवरून माणसे पाहिली त्याच उंचीवरून देऊळ पाहिलेले नसल्यामुळे माणसे मधूनच अधांतरी भासतात. पण माझा आक्षेप ह्या कारागिरीवर नाही. त्या साधनांत त्याने केले ते थोडे नव्हे. आक्षेप असा, की ज्या माणसांना उचलून त्याने नव्या ठिकाणी नेऊन बसवले त्यांची नावे ग्रंथात सहसा सापडत नाहीत. जात सापडते, धंदा सापडतो, वस्त्रांचे वर्णन सापडते. माणूस हा तेथे नमुना आहे आणि देवालय त्या नमुन्याचे लेबल. आपण कोठे उभे असल्याचे दाखवले जाणार आहे हे त्याला कोणी विचारले असेल असे त्या पानांवरून मुळीच वाटत नाही.

त्याच सुमारास इंग्लंडात ही विद्या ललितकलेच्या पंक्तीला जाऊन बसली होती. ऑस्कर रेलँडर याने १८५७ साली तिसाहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक विशाल रूपकचित्र केले. त्याच्या पुढच्या वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून मरणशय्येवरील तरुणीचे चित्र रचले, तेव्हा असले दुःख रचून दाखवावे काय, असा गहजब उडाला. रॉबिन्सनची एक रीत मात्र घेण्यासारखी होती: तो आधी संपूर्ण चित्राचा कच्चा आराखडा हाताने काढी आणि मग त्यात बसतील असे भाग एकेक करून टिपी. जोडचित्राचे सारे मर्म ह्या क्रमात आहे. आधी संपूर्ण आणि मग भाग.

महाराष्ट्रात हा क्रम सर्वांत चांगला कोणी ओळखला असेल तर तो धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांनी. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याचा छायाचित्राचा धंदा, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा राजा रविवर्म्यांचा छापखाना आणि जादूचे प्रयोग ह्या सर्वांतून गेलेल्या ह्या पुरुषाने १९१२ साली विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर प्रथम काय केले, तर कुंडीत वाटाणा पेरला. ठराविक अंतराने एकेक चित्र टिपीत त्यांनी कित्येक दिवस त्या रोपाची वाढ पकडली आणि पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता डोळ्यांदेखत वर आला. पैसा घालणाऱ्याची खात्री पटली ती ह्या लहानशा फितीने. पुढे १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म' ह्या त्यांच्या चित्रपटात कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा जागेवर येऊन बसते, ते एकाच फितीवर निरनिराळ्या वेळी प्रकाश पाडून. काळ्या पार्श्वभूमीने फितीचा जो भाग अस्पर्श ठेवला त्यावर दुसऱ्यांदा टिपता येते, ही त्यातली गोम. प्रेक्षकांना फसवावे हा त्यात हेतू नव्हता. कथेकऱ्याच्या मुखातून पिढ्यान्पिढ्या ऐकलेले त्यांना दिसावे, एवढीच त्यामागची आकांक्षा होती.

आता निजामी मुलखाकडे वळू. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बेंबळी हैदराबाद संस्थानात होती. उर्दू दप्तर, अव्वल तालुकदारांची कचेरी, दिवाणी, जहागिरी आणि सर्फेखास, म्हणजे निजामाचा खासगी मुलूख, असे मुलखाचे तुकडे. अशा त्या राज्यात छायाचित्र ही दरबारची वस्तू होती. सहाव्या निजामाच्या कृपेतील राजा दीनदयाळ यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेला. तेथे अमीर-उमराव, शिकारी आणि महाल टिपले गेले. संस्थानातील दुष्काळी कामांवरची माणसेही दीनदयाळांच्या काचांवर उमटली, पण तीही नमुन्यादाखलच. शेतकऱ्याच्या घरात छायाचित्र यायला स्वातंत्र्यानंतरचीही कित्येक वर्षे जावी लागली. तुळजापूरच्या किंवा दुसऱ्या एखाद्या यात्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला एखादा फोटो, मुलाच्या लग्नातला एखादा समूह, नोकरीच्या कागदाला लावलेला एखादा चौकोनी तुकडा, एवढीच एका माणसाची सारी दृश्य मिळकत. बायकांची तर तेवढीही नव्हती. घरधनी गेल्यावर दोघांची एक तसबीर असावी असे लेकरांना वाटले की ती कोठेच नसे, आणि मग ती करावी लागे.

तालुक्याच्या गावच्या स्टुडिओवाल्याने हे काम जसे केले ते सांगण्याजोगे आहे. मृताचा जो फोटो मिळे तो बहुधा अंगठ्याच्या नखाएवढा आणि त्याच्या गालावरून सरकारी गोल शिक्का गेलेला. प्रथम त्याची कॉपी काढून निगेटिव्ह करायची, तिच्यावर अणकुचीदार पेन्सिलीने रिटचिंग करून शिक्क्याची रेघ बुजवायची. चेहरा समोर पाहत असेल तर पत्नीलाही समोरच पाहायला लावून, दिवाही तसाच समोरून ठेवून तिचा फोटो घ्यायचा. कारण मेलेल्या माणसाचा उजेड आता बदलता येत नाही, जिवंत माणसाचाच त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो. हे ज्याला कळले तो कारागीर, आणि ज्याला कळले नाही त्याच्या तसबिरीत सावल्या परस्परविरुद्ध पडल्या.

मग डार्करूम. एन्लार्जरखाली पांढऱ्या कागदावर आधी एक निगेटिव्ह आणि मग दुसरी पाडून, दोघांचे डोळे, हनुवटी व खांदे पेन्सिलीने आखून घ्यायचे. डोकी एका मापाची झाली की यंत्र किती वर घ्यावे लागले त्याची खूण ठेवायची. त्यानंतर तेथे ब्रोमाइडचा कागद लावून पहिल्या निगेटिव्हचा उजेड पाडताना दुसऱ्या अर्ध्या भागावर खांद्याच्या आकाराचा काळा कागद किंचित उंच धरून तो सारखा हलवत राहायचे, म्हणजे कड कापल्यासारखी न दिसता विरघळते. निगेटिव्ह बदलल्यावर लेन्सखाली लाल काच सरकवली की ब्रोमाइड न बिघडता प्रतिमा कोठे पडते ते दिसते. ती खुणेवर आली की लाल काच बाजूला आणि दुसरा उजेड. डेव्हलपरच्या तबकात एकाच कागदावर दोघे एकदम उमटू लागत. हायपोतून निघाल्यावर सांध्यावर बारीक कुंचला फिरे. ज्याला हे हाताचे कौशल्य नसे तो दोन्ही चित्रे ब्लेडने कापी, कडा मागून घासून पातळ करी, म्हणजे जाडीची सावली पडत नाही, पुठ्ठ्यावर चिकटवून पार्श्वभूमी रंगवी आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिवे ठेवून त्याचीच पुन्हा कॉपी घेई. कधी तर मृत्यूनंतर घेतलेला फोटो हाच एकमेव आधार असे, आणि मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवावे लागत. लग्नाच्या अल्बमात वराच्या तळहातावर वधूला उभे करणारा आणि एका माणसाची दोन रूपे करून दाखवणारा हात हाच. पण त्याची खरी परीक्षा ह्या पापण्यांवर होई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील दगडमातीची घरे बसली आणि हजारो माणसे गेली. त्या भिंतींबरोबर भिंतींवरच्या तसबिरीही गेल्या. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांना आपल्या माणसाचा चेहरा सापडायचा तो दूरच्या नातलगाच्या लग्नातील समूहात, तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून अर्धा. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने मतदारांना छायाचित्राचे ओळखपत्र देण्याचा आदेश काढला, आणि नंतरच्या काळात असंख्य खेडुतांचा, विशेषतः वृद्ध स्त्रियांचा, एकमेव फोटो म्हणजे त्या पत्रावरचा काळपट चौकोन होऊन बसला. सरकारने ओळख पटवण्यासाठी काढलेला फोटो घरच्यांनी मोठा करून, शेजारी जोडीदार बसवून देव्हाऱ्याजवळ नेला. जॉन्सनच्या ग्रंथात माणूस नमुना झाला होता. येथे सरकारी नमुन्याचा पुन्हा माणूस झाला, आणि तो करवून घेणारे त्याचे सख्खे होते. ह्या उलट्या प्रवासाबद्दल मला खेड्यांतील त्या अनामिक स्टुडिओवाल्यांविषयी फार आदर वाटतो.

१९९४ साली फोटोशॉप ह्या संगणकीय साधनात चित्राचे थर एकमेकांवर ठेवण्याची सोय आली तेव्हा काळ्या कागदाची जागा त्या थरांनी घेतली. पाठोपाठ लग्नाचे करिझ्मा अल्बम आले, आणि चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागले, ज्यांवर पुढाऱ्यापासून शेजारच्या पोरापर्यंत वीस-पंचवीस चेहरे दाटीने मांडलेले असतात. ह्यांत वेग आहे, पण आधी आखणी करण्याची शिस्त क्वचितच. माप, उजेड आणि नजरेची उंची ह्यांचा मेळ न पाहता चेहरे नुसते पेरलेले असतात. जुन्या माणसाला एक ब्रोमाइड वाया गेला तर तो परवडत नसे, म्हणून त्याने खुणा आखल्या.

घरोघरच्या ह्या जोडतसबिरींत एकच मोठी उणीव राहून गेली आहे. माणसांची नावे घरच्यांना पाठ आहेत, परंतु तसबीर कशापासून झाली ह्याची नोंद बहुधा कोठेच नाही, आणि ती जाणणारे हात आता थकले आहेत. कित्येकांच्या निगेटिव्ह दुकानाबरोबर रद्दीत गेल्या. म्हणून ज्याच्या घरी अशी तसबीर असेल त्याने ती उतरवून पाठीमागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहून ठेवावे: आबांचा चेहरा अमुक साली कचेरीच्या कागदावरून, आईचा तमुक लग्नातून, कोट चुलत्यांचा, आणि जोडले कोणी व कोठल्या गावी.