बायपोलर विकार : मेंदूतील जोडण्या आणि निरोगी भावंडे

बायपोलर विकारात माणूस आठवडा-आठवडा जेमतेम झोपूनही अफाट उत्साहात असतो, पैसे उधळतो, बोलायचा थांबत नाही. पुढे त्याच माणसाला अंथरुणातून उठणेही जड जाते. उन्माद-अवसाद हे या विकाराचे जुने नाव. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार या आजारात आनुवंशिकतेचा वाटा ६० ते ८५ टक्के असतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त, तरीही त्यांतली बहुतेक आजारी पडत नाहीत. ती कशी वाचतात, हा या संशोधनातला खरा मोलाचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मेंदूतील जोडण्यांमध्ये शोधले जाते. इथे ‘जोडणी’ म्हणजे वायरीसारखा धागा नव्हे. १९९५ मध्ये संशोधक भारत बिस्वाल यांनी अमेरिकेत दाखवून दिले की, माणूस बोटही हलवत नसताना मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या हालचाल-केंद्रांतील संकेत एकाच लयीत चढतात-उतरतात. असे एका लयीत चालणारे भाग जोडलेले मानले जातात. तपासणी होते ती एमआरआयच्या बोगद्यात. कानात बोळे घातलेले, डोके उशांनी घट्ट बसवलेले, भोवती यंत्राची ठकठक आणि सूचना एकच : काही करू नका, हलू नका. डोके मिलिमीटरच्या अंशाने हलले, तरी नसलेल्या जोडण्या दिसू लागतात. म्हणून ती हालचाल हिशेबातून वजा करावी लागते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतील सोफिया फ्रँगू आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७८ रुग्ण, ६४ निरोगी भावंडे आणि ४१ इतर निरोगी व्यक्ती होत्या. मेंदूच्या जाळ्याची एकूण घडण तिन्ही गटांत शाबूत होती. संवेदना आणि हालचालींचे जाळे मात्र रुग्णांत सैल होते, आणि भावंडांतही. ही घराण्याची खूण. फरक पडला तो ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’मध्ये, म्हणजे माणूस स्वतःच्या विचारांत असताना जागे असणाऱ्या जाळ्यात. रुग्णांत त्याच्या गाभ्यातील भागांची सांधणी कमी पडली होती. भावंडांत ती रुग्णांपेक्षाच नव्हे, तर बाहेरच्या निरोगी व्यक्तींपेक्षाही जास्त भरली. म्हणजे ‘याला काही झालेले नाही’ एवढ्यावर भावंडाचे वर्णन संपत नाही. त्याच्या मेंदूत धोक्याची खूण आहे आणि बहुधा तिला दिलेले उत्तरही.

भावंडांच्या अभ्यासाचा आणखी एक फायदा असा : रुग्णाच्या मेंदूत आजार कुठे संपतो आणि वर्षानुवर्षांच्या औषधांचा परिणाम कुठे सुरू होतो, हे सांगणे अवघड असते. आजार नसलेल्या भावंडाने लिथियमसारखे औषध घेतलेले नसते, त्यामुळे तिथे हा गोंधळ राहत नाही. मात्र असे चित्र एका वेळेचे असते. आज निरोगी असलेली तरुण बहीण पुढे आजारी पडणार नाही, याची हमी त्यातून मिळत नाही, आणि एका व्यक्तीचे स्कॅन पाहून निदानही करता येत नाही. पुढे कोण आजारी पडते हे कळण्यासाठी कुटुंबांची वर्षानुवर्षे सोबत करावी लागते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एकाहून अधिक सदस्यांना गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा असा दीर्घ अभ्यास चालतो. रुग्णांबरोबर त्यांचे निरोगी नातेवाईकही त्यात तपासले जातात.