वाद्याची किंमत आणि वाद्याचं काम



आजचा विषय ऐकायला घरगुती वाटेल. आयुष्यभर जमवलेल्या गिटारी उतारवयात विकाव्यात, की ठेवाव्यात? सध्या हा प्रश्न माझ्यापुढे आहे. तुमच्याकडे गिटारी नसतील, पण पुस्तकं असतील, घड्याळं असतील, आजोबांचा तंबोरा असेल. प्रश्न तोच. किती पैसे येतील हे नंतर बघू. आधी, ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी काय केलं ते पाहू.

सुरुवात पुण्यापासून करू. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. 1920च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, तो सुटला नाही. दिवे, अडकित्ते, कोरीव दारं, वाद्यं; बऱ्याचशा वस्तू रोजच्या वापरातल्या. मुलगा राजा लहानपणीच गेला; संग्रहाला त्याचं नाव दिलं. 1962 मध्ये संग्रहालय उभं राहिलं आणि 1975 मध्ये केळकरांनी संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विकला असता तर पैसे आलेच असते. पण बघा, एक अडकित्ता म्हणजे सुपारी कातरायचं साधन. शंभर अडकित्ते शेजारी शेजारी ठेवले की एका समाजाची हौस आणि कारागिरी दिसते. हा अर्थ एकेका वस्तूत नसतो, त्यांच्या सोबतीत असतो. संग्रह फुटला की तो गेला.

त्याही आधीचं उदाहरण कोलकात्याचं. सौरींद्रमोहन टागोर यांनी 1871 मध्ये संगीत विद्यालय काढलं होतं. 1876 मध्ये त्यांनी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला जवळपास शंभर भारतीय वाद्यं भेट दिली. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सला वाद्यसंग्रहालय स्थापन झालं, त्याच्या पायाशी ही भेट आहे. आपलं संगीत जगाला कळावं ही त्यांची तळमळ होती, आणि त्यासाठी वाद्यं एकत्रच जायला हवी होती.

दोघांनी दिलं, विकलं नाही. तरी एक अडचण उरतेच. दिवा न पेटवताही बघता येतो, सतारीचं तसं नाही. काचेमागची सतार आपल्याला तिचा आकार सांगते, आवाज सांगत नाही.

आता विकणाऱ्यांकडे वळू. एरिक क्लॅप्टन यांनी 1999 मध्ये न्यूयॉर्कला आपल्या शंभर गिटारी लिलावात काढल्या. पैसा अँटिग्वा बेटावरच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी होता. 2019 मध्ये पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांनी 120हून जास्त गिटारी तिथेच विकल्या. 2 कोटी 10 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, ती हवामानबदलावर काम करणाऱ्या संस्थेला दिली. या गिटारींनी माझं काम केलं, आता दुसऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात, असा त्यांचा सूर होता. सुंदर विचार आहे. पण पुढे काय झालं? क्लॅप्टन यांची 'ब्राऊनी' जवळपास 5 लाख डॉलरना गेली आणि सिएटलच्या संग्रहालयात पोचली. गिलमोर यांची काळी गिटार जवळपास 40 लाख डॉलरना गेली, तीही एका धनाढ्य संग्राहकाकडेच. म्हणजे गंमत अशी, की किंमत जितकी चढते तितकं वाद्य शिकणाऱ्या हातांपासून लांब जातं. विकलं म्हणजे वाजेलच, असं नाही.

इथे मला अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. 'पॉलिटिक्स'मध्ये तो म्हणतो, जोड्याचे उपयोग दोन: पायात घालणं आणि बदल्यात दुसरं काही घेणं. दोन्ही जोड्याचेच उपयोग, पण जोडा बनवला जातो तो घालण्यासाठी. त्याच ग्रंथात पुढे तो विचारतो, उत्तम बासऱ्या कुणाला द्याव्यात? श्रीमंताला नाही, कुलीनाला नाही. जो उत्तम वाजवतो त्याला. कारण बासरीचं काम वाजणं हे आहे.

हे निकष हाती घेऊन मी माझ्याकडे बघतो. इथे भिवपुरीत माझ्या घरी सहा गिटारी आहेत. डाव्या हाताची बोटं आता पडद्यांवर नीट दाबली जात नाहीत. त्यात आपला पाऊस! चार महिने हवा इतकी ओली, की तारा गंजतात, लाकूड फुगतं, गिटारीची मान वाकते. ठेवणं म्हणजे काही न करणं, असं समजू नका; न वाजवता ठेवणं म्हणजे हळूहळू मारणं.

मग पहिला प्रश्न: या सहांना एकत्र ठेवणारा काही अर्थ आहे का? केळकरांच्या अडकित्त्यांसारखा? नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मोहानं घेतलेल्या आहेत. तो संग्रह नव्हे, साठा आहे. साठा फुटला तर इतिहासाचं काही जात नाही. दुसरा प्रश्न आठवणींचा. पहिल्या पगारात घेतलेली गिटार विकली तर तो पहिला पगार विसरेन का? नाही. आठवण माझ्यात आहे, लाकडात नाही.

पण एक गिटार वेगळी आहे. ती माझ्या मित्राची. तो गेल्यावर वहिनींनी ती माझ्याकडे दिली. ती मी विकत घेतलेली नाही, ती ठेव आहे. आणि ठेव विकायचा अधिकार ती सांभाळणाऱ्याला नसतो. तिचं काय करायचं ते वहिनींना विचारून ठरेल. एक मी ठेवणार, बोटं चालतील तेवढं वाजवायला.

उरल्या चार. त्या विकणार. कर्जत लोकलमध्ये पाठीवर गिटार अडकवलेली मुलं दिसतात, काहींची गिटार पाठीला नुसती लाज आणेल अशी असते. नव्या तारा घालून, मान सरळ करून घेऊन, त्यांना परवडेल त्या भावात देईन. अट एकच: आधी इथे बसून दोन गाणी वाजवून दाखवायची. चुकली तरी चालतील.

आणि हे आत्ताच करायचं. आपण ठरवलं नाही, तर आपल्यामागे मुलं ठरवतील. त्यांना घर रिकामं करायची घाई असेल, आणि मग भाव भंगारवाला सांगेल.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.