लिंट आणि दोन बरोबरचिन्हं
कपड्यांना चिकटलेले बारीक तंतू म्हणजे लिंट. 1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी आपल्या तपासनीस प्रोग्रामला हेच नाव दिलं. तेव्हाचा सी कंपायलर फारशा चौकशा करत नसे. व्हेरिएबलला शून्य द्यायचं असताना चुकून दोन बरोबरचिन्हं टाईप झाली, की मशीन मुकाट तुलना करायचं आणि उत्तर फेकून द्यायचं. किंमत जुनीच! भाषेच्या नियमांत हे बसतं, खरी गोम तीच. लिंट अशा ओळीवर बोट ठेवी. इलाज सोपा: एक चिन्ह खोडा.

पण फंक्शनचं उत्तर न वापरल्यावरही लिंट कुरकुरे. मग लोक आधी ‘व्हॉइड’ लिहून त्याला गप्प करू लागले. फाईल नीट लिहिली गेली का, हे सांगणारं उत्तरही त्यातच गेलं.